पाठीमागचं इंजिन

मडगावात विचारतात, कुठून येतेस?
मी म्हणते, कुळें.
ते म्हणतात, हां हां, दूधसागर.
मी मान हलवते. चष्म्याच्या दुकानात
गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचं नसतं,
फक्त त्याचा नंबर काढायचा असतो.

आमचं गाव लोकांना अर्ध्या तासापुरतं ठाऊक.
घाटाआधी गाडी थांबते.
कुणी खाली उतरून आळस देतं,
कुणी बाटली भरतं, नळाच्या तोंडावरची लाल धूळ
अंगठ्याने पुसून,
कुणी खिडकीतूनच विचारतं, कुठलं स्टेशन?
आणि उत्तर मिळायच्या आत
पाठीमागून धक्का बसतो, कपातला चहा सांडतो.

तो धक्का माझ्या बापाचा होता,
एकोणतीस वर्षं.
म्हणजे इंजिन रेल्वेचं; पण कपलिंग जोडून
फटीतून वाकून बाहेर येणारा,
हातांना ग्रीस, हिरवा बावटा काखेत,
तो कुष्टा वेळीप.
आवाजावरून त्याला कळायचं
कडी बसली की नुसती टेकली.
घरच्या दाराची कडीसुद्धा तो तशीच लावायचा,
कान देऊन.

पुढचं इंजिन दिसतं. त्याचे फोटो निघतात.
धबधब्यापाशी सगळा डबा
एकाच बाजूच्या खिडक्यांवर पडतो.
आणि मागचं, ज्याला उभ्या घाटात
शेवटच्या डब्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही,
ते रेटत असतं.
कॅसलरॉकला त्याला सोडतात.
रात्रीची गाडी असली तर आत सगळे झोपलेले;
कुणाच्या झोपेला कळत नाही, काय सुटलं.

शेजारची पियेदाद सांगते, इथे एकेकाळी सरहद्द होती.
पेट्या उघडायचे, गाठोडी उसकटायचे.
तिच्या आईने पावाच्या पोटात घड्याळ लपवलेलं,
बेळगावच्या बहिणीसाठी.
शिपायाने पाव उचलला,
वजन केल्यासारखा हातात तोलला,
कानाला लावला.
परत दिला. म्हणाला, "ताजो आसा."
पियेदाद दर वेळी इथे हसते, आणि दर वेळी
मला विचारावंसं वाटतं, त्याचं नाव काय होतं.

आता जीपगाड्या आहेत, कुंपणावर वाळणारी
नारिंगी जाकिटं आहेत.
कोळशाच्या वाघिणी आल्या की आम्ही
आधी भिरंडांची सोलं आत घेतो, मग कपडे.

सगुण बंगळुरूला गेला त्या दिवशी
आम्ही सगळे त्याच्या डब्याच्या दारात.
बाप तिथे नव्हता.
निवृत्त होऊन दोन वर्षं झालेला तो
गाडीच्या शेवटाला उभा होता,
नव्या पोराच्या खांद्यावरून वाकून
कडी पाहत.
सगुणने हात हलवला तो आम्हालाच.
त्याला वाटलं, बाबा आलेच नाहीत.
फोनवर मी अजून सांगितलेलं नाही;
दोनदा सुरुवात केली, दोनदा
जेवलास का, असं विचारून बसले.

बाप आता पावणेतीनला जागा होतो.
घाटातून एकटं इंजिन उतरत असतं,
पुढे काही नाही, मागे काही नाही,
फक्त ब्रेकचा लांबलचक कण्ह, जंगलभर.
तो कोपरावर उठून ऐकतो.
स्टेशनात येऊन थांबेपर्यंत बोलत नाही.
मग "आलं," एवढंच म्हणतो
आणि भिंतीकडे तोंड करतो.

मी मोबाइल पाहते.
माझी गाडी सहाची, उताराकडची,
तिला कुणी रेटावं लागत नाही.
तरी पाचला उठायचं आहे,
डबा भरायचा आहे.