दुसरी ओळ रिकामी

दिवाडीला सकाळची तिसरी फेरीबोट लागली
की मी फळा पुसतो.
बत्तीस वर्षं शाळेत पुसला,
आता सुलक्षाबायच्या खानावळीत.
खडू तोच, वळण तेच,
फक्त दिलेला गृहपाठ खायचा असतो.

पहिली ओळ पक्की: उकडा भात, सोलकढी.
दुसरी रिकामी ठेवायची.
कायतान मानशीवरून टोपली घेऊन येत नाही
तोवर माशाचं नाव लिहायचं नाही, हा बायचा कायदा.
एकदा आगाऊपणानं रात्रीच ‘चणक’ लिहून ठेवला
आणि भरतीनं दिले नुसते शेवटे.
दिवसभर लोक चणक मागत राहिले
आणि बाय माझ्याकडे बघत राहिली,
मी कधीकाळी चुकलेल्या पाढ्याकडे बघायचो तशी.

पाहुणे मोबाइल पुढे धरून विचारतात,
इथलं खास काय?
मी म्हणतो, बसा.
पाऊण तास लागेल. नारळ अजून खोवायचाय.
तेफळ दाताखाली आलं तर लगेच थुंकू नका,
जीभ बधिर होईल थोडी,
होऊ द्या,
नाहीतरी फार बोलता तुम्ही.

मार्गशीर्षात एक जण आला, झुस्तिनु नावाचा,
भुवया पांढऱ्या, तळवे फावड्याएवढे.
दूर महासागरात, ज्वालामुखीच्या पाठीवर
त्याचं बेट.
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं,
म्हणून त्यानं सरळ खडू मागितला
आणि माझ्या दुसऱ्या ओळीवर काढला डोंगर,
डोंगराला धूर, पायथ्याशी खड्डा,
खड्ड्यात फडक्यानं बांधलेलं पातेलं.
पहाटे पुरायचं, दुपारी उकरायचं.
विस्तव नाही. जमीनच शिजवते.

‘लाकडं नाहीत?’ बाय चुलीपासून उठून आली.
‘सिलिंडरसुद्धा नाही? आणि करपत नाही?’
पातेल्यात काय असतं ते सांगायला
तो शब्द शोधू लागला. ‘बटाटा,’ म्हणाला.
बायनं पदराला हात पुसले.
‘कोव्ह.’
‘कोबी गो!’ बाय ओरडली.
मग दोघं सुटलेच:
पाव, चावी, साबण, बालदी,
खिडकीकडे बोट, ‘जनेल’,
खुर्चीवर थाप, ‘कदेल’.
मी कोपऱ्यात, हातात डस्टर.
हेच शब्द मी वर्षानुवर्षं शिकवले,
व्याकरणाचं पुस्तक, ‘परभाषीय शब्द’,
एका गुणाचा प्रश्न.

हे शब्द कुठल्या गलबतातून आले,
त्यांच्यासोबत आणखी काय काय उतरलं,
इथले देव रातोरात नदीपार
नार्व्याला का गेले,
ते ओठांवर आलं होतं माझ्या.
पण बायनं त्याच्यापुढे ताट ठेवलं,
खुब्यांचं सुकं, सुंगटांचं हुमण,
आणि मास्तर असलो तरी
एवढं कळतं मला.

तो बोटांनी जेवला, चुकत चुकत.
तेफळ लागलं तेव्हा थांबला,
गालावर हात ठेवून बराच वेळ गप्प,
डोळे पाण्यानं भरलेले. तिखटानं असतील.
पाचची फेरी पकडून गेला.

भांडी घासताना बायनं विचारलं,
‘मास्तर, आपली जमीन तापत नाही का?’
म्हटलं, आपल्याकडे चिखल, मीठ,
खाजनाचे बांध.
‘आणि भरती,’ ती म्हणाली.
‘दिवसातून दोनदा. फुकट.’
आणि राखेनं पातेलं घासत राहिली.

तो डोंगर मी अजून पुसलेला नाही.
वाफेनं जरा फिस्कटलाय.
लोक विचारतात, ही कुठली डिश?
बाय आतून सांगते, ‘हो म्हण त्यांना,
पण शिजायला वेळ लागेल.’

आज अकरा वाजून गेले.
बांधावर कायतान दिसत नाही.
डोंगराच्या बाजूला जागा सोडून
मी खडू धरून उभा आहे.