छोटी दांडी

मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटी दांडी.
टोकावरची काळी मूठ इतक्या हातांनी झिजलेली
की आकडे, अक्षरं, काही उरलेलं नाही.
"वाचाचं कायले?" शालिकमामा मडावी म्हणाले,
"हात सांगते."

मारबतीला चार दिवस होते. सकाळचे सात.
सेमिनरी हिल्सच्या गाडीखान्यातून जीप निघाली.
मी नवी वनक्षेत्रपाल, लायसन्स नऊ वर्षांचं,
त्यातली नऊही डांबरावर गेलेली.
त्यांच्या रिटायरमेंटला अठरा दिवस.

काटोल रोड रात्रीच्या सरीनं चकाकत होता.
माझा हात आपोआप छोट्या दांडीकडे.
"ओलं हाय मॅडम, चिखल नाय.
टायर धरून राह्यलं ना रस्त्याले?
मंग मागची दोनच चाकं पुरे."

गोरेवाड्याच्या पुढे डांबर संपलं.
मुरूम: लाल, सुटा, पाण्यानं ओरखडलेला.
जीपची मागची बाजू जराशी सरकली,
झोपेत कोणी कूस बदलावी तशी.
"आता."
पाय हलका, स्टिअरिंग सरळ, दांडी एक घर मागे.
पुढून कुठूनसं एक बारीक टक्,
आणि पुढची चाकंही ओढायला लागली.

मला लगेच शहाणपण आलं. काटा साठावर.
"चारी चाकं ढकलतात, बरोबर.
थांबवाचं काम ब्रेकचं.
थो पयले होता तसाच हाय."
मी चाळीसवर आले. वळण पाहून तीसवर.

मग पांदण, आणि काळी माती.
टायरच्या खाचा बुजल्या.
चार चाकं नव्हती ती, चार लाडू होते,
जागच्या जागी वळले जाणारे.
"थांबा. पूर्ण थांबा. न्यूट्रल.
आता खालचा लावा. दुसऱ्या गिअरवर उचला,
अंड्यावर पाय ठेवल्यावानी."
इंजिन कण्हत होतं, आणि आम्ही
बाजूनं चालणाऱ्या बकऱ्यांच्याही मागे.
पण चालत होतो.

परतताना खालचा काढला, चारीचा राहून गेला.
खिडकीतून वारा येत होता, मी खुशीत होते.
शहरात ऊन पडलेलं,
सिमेंटचा रस्ता पांढरा, कोरडा ठाक.
जपानी गार्डनच्या चौकात वळवायला गेले
तर स्टिअरिंग दगड.
टायर किंचाळले, जीप उड्या मारत अडली.
मागे ऑटोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.
शालिकमामा समोर पाहत बसलेले.
त्यांना दोन किलोमीटरपासून ठाऊक होतं.

दांडी ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढणार,
"तोडता का बाप्पा!
रिव्हर्स टाका. सरळ. पाच-सहा हात."
मान बाहेर काढून त्यांनी ऑटोवाल्याला असा हात दाखवला
की तोच मागे सरला.
सहाव्या हाताला खाली काहीतरी कडकन सुटलं
आणि दांडी लोण्यातून यावी तशी आली.

"वळणावर पुढची चाकं लांबून जातात,
मागची आतून कापतात.
मातीत हिशेब फिटून जाते, चाक थोडं घसरते.
सिमेंट घसरूच देत नाय.
मंग पीळ शाफ्टात बसते."

मला राहवलं नाही.
"संसारासारखंच की, मामा."
त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं.
"नाय," म्हणाले. "गिअरबॉक्ससारखं."

अठरा दिवसांनी हार, नारळ, फोटो.
भाषणात ते तीन वाक्यं बोलले,
त्यातलं एक ग्रीसविषयी.

दिवाळीत त्यांचा फोन आला.
मी कशी आहे ते विचारलं नाही.
"पुढच्या डाव्या हबातून तेल गळते का अजून?"
धरा जरा, म्हटलं,
आणि फोन बॉनेटवर ठेवून, साडी खोचून,
जीपखाली वाकले.