साडेनऊ

लिलाव दहा वाजून दहा मिनिटांनी बंद होणार,
आणि अल्लीपुरात रेंज येते ती फक्त
तडसांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकवली तर.
म्हणून आम्ही दोघं इथं बसलोय,
मी अडुसष्टचा, प्रणीत सतराचा,
मधे एक मोबाईल आणि मुरमुऱ्यांचा कागद.

'काका, साडेनऊ हाय,' तो म्हणतो.
'दहापैकी साडेनऊ. लेबलवरच लिहून हाय ना.'

कार्ड क्रमांक सदतीस. कोणे काळी
आठ आण्याच्या च्युइंगमसोबत फुकट निघालेला यष्टिरक्षक,
आता जाड प्लास्टिकच्या पेटीत, चारी बाजूंनी सीलबंद,
डोक्यावर सोनेरी पट्टी, पट्टीवर आकडा,
आकड्याखाली कंपनीचं नाव, जे मी
या गच्चीवर बसेपर्यंत ऐकलं नव्हतं.
मोठ्या कंपन्या दोन-तीन. त्यांचा साडेनऊ म्हणजे साडेनऊ.
बाकीच्यांचा
कधी आठ असतो, कधी सहा,
कधी नुसताच छान छापलेला कागद.

मी म्हणतो, पट्टीवर बोट ठेव. झाक.
आता उरलं ते पाहा.

डावी कड जाड, उजवी बारीक,
घाईत नेसलेल्या धोतरासारखी.
खालच्या कोपऱ्यात पांढरं फुटलंय,
दसऱ्याच्या आधी बोंड तडकतं तेवढंच.
वरचा उजवा कोपरा सहाही फोटोंत
दिव्याच्या चमकेखाली. एकदा चमक आली तर चूक.
सहादा आली तर कोणाची तरी मेहनत.
मागच्या बाजूचा फोटोच नाही.

'तुमाले कसं समजते?'

सव्वीस हंगाम मी कापूस पाहिला.
खरेदी केंद्राचा ग्रेडर, खिशात शाईचा पेन.
गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा,
तळची मूठ वर काढायची,
चिमटीत धागा ओढून लांबी बघायची,
सरकी दाताखाली धरून ओल ऐकायची.
हो, ऐकायची. कोरडी सरकी कट्ट बोलते.
मग चिठ्ठीवर एक अक्षर.

हे प्रणीतला माहीत आहे.
हे नाही माहीत:
एका जानेवारीत, ऐंशी गाड्यांच्या रांगेत,
बासष्टाव्या गाडीपासून मी हात घालणं सोडलं.
वरचं पांढरं बघितलं, गाडीवानाच्या चपला बघितल्या,
जिनिंगवाल्याकडून आलेला चहा प्यायलो
आणि लिहीत गेलो.
कोणी विचारलं नाही. शिक्का होता ना.

तर मीही एक छोटी कंपनीच होतो,
एका माणसाची.
म्हणून या न ऐकलेल्या नावाचं मला
हसू येत नाही. तिथंही असेल कोणी,
कुठल्याशा मोबाईल दुकानाच्या वरच्या खोलीत,
डोळे चोळत, बासष्टावं कार्ड हातात घेऊन.

नऊ मिनिटं. बोली तीनशे नव्वद.
'साडेनऊवालं तीन हजाराले जाते, काका!'
आपण साडेनऊ घेत नाही, मी म्हणतो,
आपण सहा घेतोय. सहाचे किती?
तो ओठांत मोजतो. 'साडेचारशे.'
टाक. त्याच्यावर रुपयाही नको.

शेवटच्या चौदा सेकंदांत
कोणीतरी चारशे साठ टाकतो.
प्रणीतचा अंगठा काचेवर थांबतो. तो माझ्याकडे बघतो.
मी मुरमुरे खातो.

दहा-अकरा.

खाली कोणाचं तरी कुत्रं भुंकून गप्प झालं.
बराच वेळ तो बोलला नाही. मग शर्टाच्या खिशातून
औषधाच्या दुकानाची छोटी पिशवी काढली.
आत एक कार्ड, उघडं, ना पेटी, ना आकडा.
'मायच्या कंपासात भेटलं. याले किती देसान?'

मी कडांनी धरलं.
बल्बच्या पिवळ्यात सगळंच आठ दिसतं.
उद्या ये, म्हटलं, नवाच्या आत.
घराच्या उत्तरेच्या खिडकीशी बसू,
तिथं ऊन थेट येत नाही.
मागची बाजूही बघू.

'पण अंदाज तरी?'

अंदाज मी खूप दिले, बाबू.
उद्या ये.