नारीन नदीत उतरण्याआधी

बस, चोल्पोन. बूट काढू नकोस, जमीन गार आहे.
पाळक उद्या तुला तीन प्रश्न विचारतील,
तिन्हींची उत्तरं 'होय' अशीच आहेत.
चौथा ते विचारत नाहीत.
तो मी विचारते, पीठ मळता मळता,
म्हणजे तुझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

भाऊ मारेल का तुला?
बहुधा नाही. माझ्या भावानं मारलं नाही.
त्यानं आधी माझी वाटी वेगळी केली,
मग लग्नाच्या यादीतून नाव गेलं,
मग एकदा बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी,
आम्ही समोरासमोर आलो
आणि तो कांद्याचा भाव विचारत राहिला
मी निघून जाईपर्यंत.

किंमत अशी येते, पोरी. चिल्लर.
आपण मोठी नोट मुठीत धरून बसतो,
सिंह, आखाडा, ज्वाळा,
आणि इथं रोज कुणीतरी पाच सोम मागतं.

सोनुनबू अजून माझ्याकडूनच नान नेते,
मागच्या दारानं, ओढणीखाली झाकून.
पुढच्या दारानं ये, असं मी तिला म्हणत नाही.
तीही काहीतरी मोजतेच आहे.

आता ते ऐक, जे मी उपासनेत कधी बोलले नाही.

कुबात गेला तो फेब्रुवारीत. उणे बावीस.
आमच्या गावानं सांगितलं, तो आमच्यातला नाही.
दुसऱ्या गावात खड्डा खणून तयार होता,
टायर जाळून मऊ केलेली माती,
तो आमच्यादेखत बुजवला.
तीन दिवस तो ट्रकच्या हौद्यात,
निळ्या ताडपत्रीखाली.
मंडळी गात होती. मी नाही.
मला त्याच्या पायांचंच लागून राहिलेलं,
घाईत मोज्यांचा एकच जोड चढवला होता.

तिसऱ्या गावातला म्हातारा मला बाजूला घेऊन गेला.
वाईट नव्हता तो. त्याला मदतच करायची होती.
"शेवटी परतला होता ना तुझा नवरा?
तेवढं म्हण, बाई. बाकीच्यांचं मी बघतो."

मी म्हटलं, हो.
परतला होता.

ज्यानं दुधात कधी पाणी घातलं नाही
त्याला मी खोट्यात पुरलं.
त्याच्या उशाशी आज चंद्रकोर आहे.
पाळकांना वाटतं, प्रभूनं त्या गावाचं मन पालटलं.
दर वर्षी ते ही साक्ष सांगतात.
मी मान डोलावते.

तर हेही किमतीत धर.
लोक जे हिसकावून घेतात ते मोजता येतं.
जे मी विचारल्याबरोबर देऊन टाकलं
त्याची पावती कुठं मिळते?
त्यानं स्वतः काही लपवलं नव्हतं,
आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.
लपवतो ते आम्ही,
माणसं कमी होतील म्हणून.

"मग अजून का?"
हे तुला विचारायचंय. मघापासून
बुटाची नाडी सोडतेस आणि बांधतेस.

मला नीटसं उत्तर येत नाही.
एवढंच, की त्या रात्री परत आले,
दिवा न लावता याच ओट्यापाशी बसले,
आणि ज्याला दुपारी नाकारलं
त्याच्याशीच बोलत होते.
दुसरं होतं कोण?
तो गप्प होता, खूप वेळ, अजूनही असतो.
पण तो कांद्याचा भाव
विचारत नव्हता.

जा आता, पीठ फुगायला ठेवायचंय.
उद्या येणार असशील तर जाड टॉवेल आण,
मे महिन्यातसुद्धा त्या नदीला बर्फाचं पाणी असतं.
तेही पाळक सांगत नाहीत.

आणि नाही आलीस,
तरी नान घ्यायला येत जा.
पुढच्या दारानं.