सातवा प्रश्न

सेलूच्या जिनिंगच्या फाटकापाशी
दैवशालाबाईंनी केसांतली रुई झटकली,
वाचा म्हणाल्या.
मी वाचलं: सहभाग ऐच्छिक आहे.
"ऐच्छिक म्हंजी?"
नाही म्हटलं तरी चालतं.
"कुनाला चालतं?"

सातवा प्रश्न त्यांनी दोनदा वाचायला लावला:
रात्री जेवून झोपतोस का?
आत भोंगा वाजला. त्या हलल्या नाहीत.
"खोटं सांगंल त्यो. हो म्हनंल.
मपल्यावानीच हाय."

मग पेन मागितलं,
सावकाश, अक्षर न् अक्षर लिहिलं.
चौकोन पुरला नाही;
'दैव' आत राहिलं, 'शाला' रेघेबाहेर गेली.

"बाकी समदं इचारा त्याला.
सातवा मला इचारा."

फॉर्मवर तशी जागा नव्हती.
पाठीमागं पेन्सिलीनं लिहून घेतलं: सातवा, आईला.
विचारायला
अजून गेलो नाही.