एका दमात, दमादमाने

मुहर्रकच्या दोन नंबर थिएटरात
सकाळची पहिली केस शैखा, वय पाच.
सुई पाहून टेबलाखाली शिरलेली.
मास्कला आतून स्ट्रॉबेरीचा वास चोळला,
म्हटलं, फुगा फुगव.
घे, सोड. घे, सोड.
डायल अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वर,
दमादमाने,
दूध उतू जाऊ नये म्हणून आच सांभाळावी तशी.
मध्येच हातपाय झाडले तिने, आई दाराशी रडली.
मग पापणीला बोट लावलं, हलली नाही.
पावणेतीन मिनिटं.

दुसरे जुमा बिन सलमीन, एक्काहत्तर.
डायलिसिसने एक शीर धड ठेवलेली नाही.
इथे सर्किट आधीच भरून ठेवलं, आठ टक्के,
आणि बीपीवर डोळा.
माझ्या मोडक्या अरबीत सांगू लागले :
आतला सगळा श्वास सोडा, तळापर्यंत,
मग एकच घ्या, मोठा,
आणि धरून ठेवा.

म्हातारा हसला.
"हे तू मला शिकवतेस, डॉक्टरीणबाई?
बाप मोती काढायचा.
नाकाला चिमटा, पायाला दगड.
मी होडीत बसून त्याचा दम मोजायचो,
आकडे संपले की पुन्हा एकपासून."

मग त्याने श्वास सोडला, इतका
की छातीच्या फासळ्या दिसल्या.
आणि घेतला.

चौतीस सेकंदांत पापणी गेली.
मी कागदावर चौतीस लिहिलं.
श्वास मात्र अजून धरलेलाच.
हनुवटी उचलून, दुसरा हात बॅगेवर ठेवून
मी उभी राहिले
दोराला हिसका येईपर्यंत.