प्रश्न उद्भवत नाही

मालन खरमाटे सकाळच्या सावळज गाडीनं तासगावात उतरल्या,
पदराला बेदाण्याच्या धुरीचा गंधकी वास.
दारात चपला काढून विचारलं,
"इधानसभेत लिवायला हुता, ते तुमीच का?"

मीच. एकतीस वर्षं.
त्या सभागृहात एकदाही बोललो नाही.
दर पाच मिनिटांनी एक जण उठायचा, दुसरा बसायचा,
आणि राज्य एका पेन्सिलीवरून
दुसऱ्या पेन्सिलीवर जायचं.

त्यांच्या पिशवीत छापील कार्यवाहीची झेरॉक्स,
वाचनालयातून काढलेली, पानाला दोन रुपये.
तारांकित प्रश्न. हिवाळी अधिवेशन, नागपूर.

अग्रणी नदीवरील साकव वाहून गेला, हे खरे आहे काय?
अंशतः खरे आहे.
त्यात जीवितहानी झाली, हे खरे आहे काय?
हे खरे नाही.
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
प्रश्न उद्भवत नाही.

त्याखाली कंसात अडथळा, पुन्हा कंसात गोंधळ.
प्रश्नाच्या डोक्यावर एक तारा होता,
पानाच्या तळाशी तीन.
मग लेव्ही साखरेचा प्रश्न सुरू.

"हितं कायतरी हुतं," मालनबाईंचं बोट ताऱ्यांवर.
"वाचनालयातलं पोरगं म्हनलं,
काढल्यालं कुटंच नसतंय."

हेही अंशतः खरे आहे.

वह्या नष्ट करायचा नियम होता. मी केल्या.
एक राहिली. का राहिली,
ते पटलावर ठेवण्यासारखं नाही.
ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली,
अकरा चाळीस ते अकरा पंचेचाळीस:
माझी पाळी.

सदस्य उठले, एका अभियंत्याला चोर म्हणाले,
आणि त्याच दमात एक नाव तीनदा घेतलं.
अध्यक्ष म्हणाले, हे काढून टाका.
चोर निघाला,
त्याच्यामागोमाग नावही निघालं.

लघुलेखनात हाताला घाई झाली की स्वर सुटतात.
नुसती व्यंजनं उरतात.
क, श, र.
एक आडवी रेघ, एक बाक, शेवटी झटका.
वर ठिपका नाही, शेजारी ठिपका नाही.
मी किशोर असं वाचलं.

चोवीस वर्षं माझ्याजवळ एक किशोर होता.
खाकी चड्डी, डोक्यावर धरलेलं दप्तर,
आमच्या धाकट्याएवढा.
पाऊस लागला की
जेवताना मधेच यायचा.

मालनबाईंनी वही उलटी धरली, मग सुलटी.
"ह्यात हाय व्हय ती?"

ती?

"केशर. आमची थोरली.
डेरीला दूध घालाय निघाल्ती.
किटली गावली खाली, बाभळीत.
झाकन तसंच गच्च."

मी खिडकीतून गोपुराकडं बघत राहिलो.
इतकी वर्षं सांभाळलेला पोरगा
बुडालाच नव्हता. नव्हताच तो.
त्याच्यासाठी वाईट वाटावं की नाही,
कळेना.

मग पेन्सिलीला टोक केलं.
क च्या अंगाला, मधोमध, ए चा ठिपका.
निवृत्त माणसानं अभिलेखात केलेला फेरफार
गुन्हा असेल.
असल्यास, कार्यवाही करावी.

"एवढंच?"
एवढंच.

चहा नको म्हणाल्या, गाडीला अर्धा तास होता.
उठता उठता थांबल्या.
"त्यांनी जसं घेटलं, तसं घ्या की एकदा. मोठ्यानं."

घसा खाकरला. मला सवय नाही.
केशर, म्हणालो. केशर.
तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला,
अध्यक्ष करतात तसा.

"आमी केशी म्हनायचो," त्या म्हणाल्या.
"र नगो."